विजेचा तोल कोणी राखला?

दुपारची सौरवीज मोठ्या बॅटऱ्यांमध्ये भरून ठेवायची, संध्याकाळी ती वापरायची, दारात उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांमधूनही थोडी परत घ्यायची आणि ग्रिडचा तोल सांभाळायचा, हा विचार आता सरकारी धोरणांत आणि वर्तमानपत्रांत चांगलाच रुळला आहे. विचार चुकीचा नाही. खटकतं ते एवढंच, की तो अगदी नवा म्हणून मांडला जातो. जणू आजवर वीज जशी तयार झाली तशी संपली, आणि साठा ही गोष्ट लिथियमसोबत जन्माला आली. ग्रिडची अडचण मात्र पहिल्या दिवसापासून तीच आहे. ज्या क्षणी जेवढी वीज खेचली जाते, त्या क्षणी तेवढीच तयार व्हावी लागते. मागणी वाढली की जनित्रं किंचित मंदावतात आणि फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झच्या खाली घसरते. मागणी घटली की ती वर चढते. मुंबई आणि तिच्या पाठीशी उभा असलेला सह्याद्री यांचा शंभरेक वर्षांचा इतिहास पाहिला, तर साठा इथे पहिल्यापासून होता असं दिसतं. आणि नुसत्या साठ्याने तोल कधीच राखला गेला नाही, हेही दिसतं. कोणीतरी आपली जमीन, वेळ किंवा सोय सोडली म्हणून तो राखला गेला. क्वचित राजीखुशीने आणि मोबदला घेऊन, बरेचदा नाइलाजाने आणि फुकट.

सुरुवात खोपोलीपासून करावी लागते. मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत आणि त्यांचा कोळसा बंगाल-बिहारकडून येई. तो महाग पडे आणि धुराचा त्रास वेगळा. घाटमाथ्यावर चार महिने कोसळणारा पाऊस अडवून कोकणच्या बाजूला सोडला, तर त्या उडीतून वीज मिळेल, ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या अभियंत्याने मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. जमशेटजी 1904 मध्ये वारले. 1910 मध्ये कंपनी उभी राहिली, 1911 मध्ये पायाभरणी झाली आणि 1915 मध्ये खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज सुरू झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता ही तीन तळी म्हणजे या योजनेचा जीव. सुमारे पाचशे मीटर खाली येणाऱ्या पाण्याच्या कौतुकात तळ्यांचं काम झाकलं जातं. पाऊस जून ते सप्टेंबर, गिरण्या मात्र बारा महिने. शिवाय गिरण्यांची मागणी दिवसा, रात्री फार थोडी. नुसत्या धबधब्यावर चक्रं लावली असती, तर पावसाळ्यात वीज उतू गेली असती आणि मार्चमध्ये सगळं ठप्प झालं असतं. तळ्यांनी ऋतूचा आणि दिवसाचा, असे दोन्ही फरक पोटात घेतले. भोंगा वाजला की झडप उघडायची, पाळी सुटली की बंद करायची. मुंबईची जलविद्युत जन्मली तीच साठ्यासकट. पुढे 1922 मध्ये भिवपुरी आणि 1927 मध्ये भिरा ही केंद्रं त्याच धर्तीवर सुरू झाली.

भिऱ्याला पाणी पुरवणाऱ्या तळ्याची किंमत मात्र वेगळ्या वहीत लिहावी लागते. मुळशीच्या धरणात मुळा-निळा खोऱ्यातली पन्नासहून अधिक गावं बाधित होणार होती आणि भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. 1921 मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट त्याचे पुढारी. 1924 पर्यंत लढा विझला, बापट तुरुंगात गेले, धरण उभं राहिलं. धरणाविरुद्धच्या देशातल्या पहिल्या संघटित लढ्यांपैकी एक म्हणून मुळशीचं नाव घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण विजेच्या इतिहासात मुळशीचा आणखी एक अर्थ आहे. मुंबईच्या गिरणीला हव्या त्या तासाला वीज मिळावी म्हणून पाणी कुठेतरी थांबवून ठेवणं भाग होतं आणि ते थांबवायची जागा म्हणजे मुळशीच्या शेतकऱ्याचं खाचर. साठ्याचा फायदा एका टोकाला, त्याची जागा दुसऱ्या टोकाला आणि करारात दुसऱ्या टोकाचा शब्द नाही, ही घडी तेव्हा बसली. ती मोडायला फार वेळ लागला; खरं तर पूर्ण मोडलीच नाही.

याच डोंगरात गाडीने वीज परत देण्याचा प्रकारही जुना आहे. मुंबईत पहिली विजेची रेल्वेगाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावली आणि 1929 पर्यंत तारा घाट चढून पुण्याला पोचल्या. बोरघाटात मालगाड्यांसाठी आणलेली इंजिनं लोक ‘खेकडा’ म्हणून ओळखत. त्यांना पुनर्जनन ब्रेक होते. उताराला लागल्यावर मोटारच जनित्र होई आणि उतरणाऱ्या गाडीची वीज वरच्या तारेत जाई. त्याच वेळी कर्जतकडून चढणारी गाडी ती वापरी. वर कोणी चढत नसेल, तर ती वीज घ्यायला गिऱ्हाईक नसे. म्हणजे नुसती यंत्राची करामत पुरेशी नव्हती, वेळापत्रकाची साथ लागे. अमेरिकेतला अनुभवही याच काळातला आणि याच चवीचा आहे. तिथल्या वीजकंपन्यांना रात्री पडून राहणारी जनित्रं डाचत होती, म्हणून 1910 मध्ये त्यांनी पुढाकार घेऊन इलेक्ट्रिक वाहनांची संघटना काढली. गाड्या रात्री चार्ज व्हाव्यात, हा त्यामागचा उघड हेतू. हार्टफर्डच्या वीजकंपनीने तर ट्रकमालकांना बॅटरी विकलीच नाही. बॅटरी कंपनीची, ट्रक गिऱ्हाइकाचा, पैसे मैलांप्रमाणे, आणि रिकामी बॅटरी द्यायची नि भरलेली घ्यायची. 1920 च्या दशकात पेट्रोलने हा धंदा मोडला. पण बॅटरी कोणाची आणि ती कधी भरायची, हे ठरवणारा कोण, हा प्रश्न त्या मंडळींनी आपल्याआधी शंभर वर्षं नीट ओळखला होता.

स्वातंत्र्यानंतर तळ्यांचं काम पालटलं. 1956 मध्ये तुर्भ्याचं औष्णिक केंद्र आलं, पुढे राज्यभर कोळशाची केंद्रं उभी राहिली. कोळशाचा बॉयलर एकदा तापला की त्याला दर तासाला वरखाली करणं महागात पडतं; तो संथ चालीने चोवीस तास चाललेला बरा. पाण्याचं तसं नसतं, काही मिनिटांत चक्र पूर्ण वेगात येतं. म्हणून रोजचा भार कोळशाने उचलायचा आणि संध्याकाळचा चढ पाण्याने, अशी वाटणी झाली. कोयनेचा चौथा टप्पा हे तिचं सर्वांत मोठं रूप. 13 मार्च 1999 च्या लेक टॅपिंगनंतर, म्हणजे जलाशयाला पाण्याखालून बोगदा जोडल्यानंतर, आलेली ही 1000 मेगावॉटची यंत्रणा मुख्यतः कमाल मागणीच्या तासांसाठी आहे. कोयनेचं पश्चिमेकडे वळवायचं पाणी कृष्णा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीवर बांधून घातलं आहे, त्यामुळे चौथ्या टप्प्याने पाणी वाढवलं नाही. त्याच पाण्यातून थोड्या तासांत जास्त ताकद काढायची सोय केली. मग उदंचन आलं, म्हणजे रात्रीच्या शिलकी विजेवर खालचं पाणी वर चढवायचं आणि गरजेला पुन्हा खाली सोडायचं. भिऱ्याला 1990 च्या दशकात असा 150 मेगावॉटचा संच बसला. अकोले तालुक्यातल्या घाटघरला 2008 मध्ये 250 मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला, ज्याचं वरचं तळं प्रवरेच्या उगमाकडचं आणि खालचं कोकणच्या बाजूचं. साधारण सहा तास वीज द्यायची आणि त्याहून थोडा जास्त वेळ पाणी चढवायचं.

इथे एक आक्षेप रास्त आहे. लोणावळ्याचं तळं ही बॅटरी नव्हे. ते पावसाने भरतं, ग्रिडमधल्या विजेने नाही. ग्रिडवर वीज जास्त झाली, तर साधं धरण ती शोषून घेऊ शकत नाही, फक्त आपलं पाणी राखून ठेवू शकतं. तांत्रिक दृष्ट्या हे बरोबर आहे आणि म्हणूनच घाटघर किंवा भिऱ्याचा उदंचन संच वेगळा मोजावा लागतो. पण तोल राखण्याच्या दृष्टीने दुपारी न सोडलेलं पाणी आणि दुपारी भरलेली बॅटरी यांत संध्याकाळी फरक उरत नाही. शिवाय आकाराचा हिशेब तळ्यांच्या बाजूने जातो. कोयनेचं वर्षाचं पाणी ढोबळमानाने तीनशे कोटी युनिटांच्या घरात वीज देतं. पावसाळ्याचा साठा उन्हाळ्यापर्यंत नेणारी बॅटरी आज कोणी बांधत नाही, कारण वर्षातून एकदाच भरणारं इतकं महाग यंत्र परवडत नाही. बॅटरीचं राज्य सेकंदांपासून चार-सहा तासांपर्यंत. त्यापलीकडे अजून पाणी आणि कोळसा. ही मर्यादा न सांगता बॅटरीचे गोडवे गाणारे लोक तिचं नुकसानच करतात.

नव्या चर्चेत ज्याला जागाच मिळत नाही, तो इतिहास 2005 च्या आसपासच्या भारनियमनाचा आहे. महाराष्ट्रात मागणी आणि पुरवठा यांतली तूट इतकी वाढली, की शहरांत काही तास आणि खेड्यांत दिवसाचा मोठा भाग वीज नसे. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी इन्व्हर्टर घेतले. बघता बघता राज्यभरच्या जिन्यांखाली आणि माळ्यांवर शिशाच्या बॅटऱ्या मांडल्या गेल्या. विखुरलेल्या साठ्याचं जे चित्र आज भविष्य म्हणून रंगवलं जातं, ते असं तेव्हाच प्रत्यक्षात उतरलं होतं. त्याने ग्रिडचा तोल सांभाळला का? उलट झालं. वीज परत आली की घरातले पंखे-दिवे चालू होतच, वर सगळ्या रिकाम्या बॅटऱ्या एकदम भरायला लागत आणि चढाचा भार आणखी चढे. भरण्या-उतरवण्यात जी वीज वाया जाई ती वेगळीच. बॅटरी होती, पण ती कधी भरायची हे ठरवणारी व्यवस्था नव्हती आणि उशिरा भरणाऱ्याला काही मिळतही नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या घरापुरता शहाणा निर्णय घेतला आणि त्या शहाणपणाची बेरीज वेडी झाली.

शेतीपंपांची गोष्ट याच्याशी जोडून वाचावी. शेतकऱ्याला थ्री फेज वीज दिवसातून ठरावीक तासच, आणि तीही आठवड्यातले काही दिवस रात्रीची. तांत्रिक भाषेत शेतीपंप हा लवचिक भार; पाणी दुपारी दिलं काय नि पहाटे दिलं काय, पिकाला चालतं. शेतकऱ्याला चालतं का, हे विचारलं गेलं नाही. मध्यरात्री बॅटरीच्या उजेडात दारं धरायला जायचं, बांधावर साप, उसात बिबट्या, पायाखाली चिखल आणि हातात स्टार्टर. शहरांच्या संध्याकाळी उजळाव्यात म्हणून ग्रिडने वर्षानुवर्षं जी लवचिकता वापरली, त्यातली सर्वांत मोठी याच माणसाच्या झोपेतून आली. वीज स्वस्त दिली हा तिचा मोबदला, असं उत्तर मिळतं. ते अर्धंच खरं आहे. सवलतीचा दर सगळ्या तासांना सारखा होता. रात्रीच्या गैरसोयीचा हिशेब त्यात स्वतंत्रपणे कधी मांडला गेला नाही. मग शेतकऱ्यांनीही आपली वाट काढली. वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारे ऑटो स्विच बसले. फीडर चालू झाला की त्यावरचे झाडून सगळे पंप एका क्षणी ओढायला लागत, दाब कोसळे आणि डीपी जळे. महावितरणने ऑटो स्विच काढण्याची आवाहनं केली. आवाहनाने जे होतं तेवढंच झालं.

पण त्याच वर्षांत दोन प्रयोग वेगळे निघाले. पहिला अक्षय प्रकाश योजनेचा. गावाने मिळून ठरवायचं, की संध्याकाळच्या तासांत कोणी पंप, गिरणी किंवा जड यंत्रं लावणार नाही. बदल्यात महावितरण गावाची वीज तोडणार नाही. घरात दिवा, पंखा, टीव्ही चालेल. योजना सगळीकडे सारखी टिकली नाही; एखाद्याने चोरून मोटर लावली की गावाचा सौदा बिघडे. पुढे गावठाण आणि शेतीचे फीडर तारांनीच वेगळे केल्यावर तिची निकडही ओसरली. तरीही एकही नवं यंत्र न बसवता कमाल मागणी खाली आणता येते, हे तिने दाखवलं, आणि देवघेव स्पष्ट होती म्हणूनच ते जमलं. दुसरा प्रयोग पुण्याचा, 2006 चा. कारखान्यांकडे स्वतःचे डिझेल जनरेटर पडून होते. तुटीच्या तासांत ते चालवून कारखान्यांनी आपला भार ग्रिडवरून काढून घ्यावा, उरलेली वीज शहराला मिळावी आणि महाग डिझेलचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी, कमी वापराच्या घरांना वगळून, युनिटमागे अधिभार देऊन भरावा, अशी योजना उद्योजकांच्या संघटनेने पुढे आणली. ‘प्रयास’सारख्या अभ्यासगटाने ती तपासली, वीज नियामक आयोगाने जाहीर सुनावणी घेऊन मंजूर केली आणि पुणे भारनियमनातून सुटलं. पैसेवाल्या शहराने अंधारातून सवलत विकत घेतली, अशी टीका तेव्हा झाली आणि ती अगदीच पोकळ नव्हती. पण खासगी मालकीची यंत्रं सार्वजनिक तोलासाठी वापरायची, मालकाला खर्च द्यायचा आणि तो कोण देतो हे उघड्यावर ठरवायचं, याचं महाराष्ट्रातलं हे पहिलं ठळक उदाहरण. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीचा सौदा उद्या करायचा झाला, तर त्याचा मसुदा, गाड्यांमधून ग्रिडला वीज परत देण्याचं संशोधन जिथे झालं त्या अमेरिकेतल्या डेलावेअरच्या विद्यापीठात शोधण्याआधी पुण्याच्या त्या आदेशात पाहायला हरकत नाही.

देशपातळीवरही भावाची ताकद याच दशकात दिसली. जुलै 2002 मध्ये पश्चिम विभागात, देशात सर्वांत आधी, राज्यांच्या आयत्या वेळच्या वीज-उचलीचा दर फ्रिक्वेन्सीला बांधला गेला. फ्रिक्वेन्सी घसरली की ठरल्यापेक्षा जास्त उचलणाऱ्याला महाग, वर गेली की स्वस्त. त्यापूर्वी 48 ते 51 हर्ट्झच्या दरम्यान हेलकावे खाणारं ग्रिड बऱ्यापैकी शिस्तीत आलं, आणि त्यासाठी एकही बॅटरी लागली नाही.

मग बॅटरीची खरी गरज कुठे पडते? जिथे मदतीला शेजारी नसतो तिथे. पश्चिम बर्लिन 1952 पासून आजूबाजूच्या ग्रिडपासून तुटलेलं होतं. तिथल्या वीजकंपनीने 1986 मध्ये 17 मेगावॉटची शिशाची बॅटरी उभारली, ती मुख्यतः फ्रिक्वेन्सी सावरायला. डिसेंबर 1994 मध्ये शहर पश्चिम युरोपच्या ग्रिडला जोडलं गेलं आणि त्या कामापुरती तिची निकड संपली. दक्षिण ऑस्ट्रेलियात सप्टेंबर 2016 मध्ये अख्खं राज्य अंधारात गेलं. पुढच्या वर्षअखेर हॉर्न्सडेलला 100 मेगावॉटची लिथियम बॅटरी सुरू झाली आणि काही दिवसांतच दूरच्या व्हिक्टोरियात कोळशाचा मोठा संच बंद पडला तेव्हा तिने क्षणार्धात वीज सोडली. मुंबईला हे धडे लागू आहेत, कारण मुंबईही विजेच्या बाबतीत अर्धं बेटच आहे. बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या मोजक्या, आणि बाहेर बिघाड झालाच तर शहर अलग करून आपल्याच निर्मितीवर तगवण्याची जुनी यंत्रणा. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी ती तगली नाही. वाहिन्या एकामागून एक तुटल्या, शहरात त्या वेळी चालू असलेली निर्मिती मागणीच्या मानाने तोकडी होती आणि लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. अशा वेळी पहिल्या काही सेकंदांत आणि मिनिटांत भार उचलणारी बॅटरी शहराच्या आतच असणं, याला दुसरा पर्याय सोपा नाही. हे काम सह्याद्रीतलं तळं करू शकत नाही. त्याची वीज शेवटी तारेवरूनच यायची.

गाड्यांचं काय? एक लाख गाड्यांनी घरच्या साध्या चार्जरच्या तीन किलोवॉटने वीज परत दिली, तर तीनशे मेगावॉट होतात, घाटघरपेक्षा जास्त. प्रत्येकीने दहा युनिट दिले तर दहा लाख युनिट. घाटघर एका फेरीत साधारण पंधरा लाख देतं. म्हणजे आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण याच एक लाख गाड्या संध्याकाळी सात वाजता घरी येऊन एकदम चार्जरला लागल्या, तर तोच तीनशे मेगावॉटचा भार कमाल मागणीच्या डोक्यावर बसेल; इन्व्हर्टरचा आणि ऑटो स्विचचा किस्सा नव्या पेहरावात. बॅटरी झिजते म्हणून मालक ती देणार नाही, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. झीज खरी आहे, पण ती मोजता येते आणि जे मोजता येतं त्याचे पैसे देता येतात. शिवाय बहुतेक फायदा वीज परत घेण्यात नसून चार्जिंग सातऐवजी रात्री एक वाजता किंवा दुपारी करण्यात आहे, आणि त्यात झीज वाढत नाही. त्यासाठी तासागणिक वेगळा दर हवा. केंद्राने 2023 मध्ये तसे नियम केले. सौर तासांत दर कमी, कमाल मागणीच्या तासांत जास्त. पण तास मोजायला स्मार्ट मीटर हवा आणि महाराष्ट्रात त्या मीटरला कडाडून विरोध झाला. हा विरोध अडाणीपणाचा मानणं चूक आहे. मीटर आपल्या फायद्यासाठी बसतो आहे, यावर विश्वास ठेवावा असा अनुभव या ग्राहकाला फारसा आलेला नाही.

या सगळ्यात मुंबईकडे एक दुर्मीळ गोष्ट आहे. 1905 ची ट्राम-वीज कंपनी 1947 मध्ये पालिकेने घेतली, तेव्हापासून बेस्ट हा एकच उपक्रम बेटावरच्या मुंबईला वीजही विकतो आणि शहरभर बसही चालवतो. विजेवरच्या बस रात्री आगारात ओळीने उभ्या असतात, त्यांच्या बॅटऱ्या मोटारगाडीच्या कितीतरी पट मोठ्या, आणि कोणती बस पहाटे किती वाजता निघणार हे वेळापत्रकात आधीच लिहिलेलं. गाड्यांच्या मदतीने ग्रिडचा तोल सांभाळायला याहून सोयीची मांडणी सापडणं कठीण. मात्र या बस बहुतांशी भाडेकरारावरच्या आहेत. बॅटरी कंत्राटदाराची, वीज बेस्टची आणि मोबदला धावलेल्या किलोमीटरवर. उभ्या बसने रात्री केलेलं काम किलोमीटरमध्ये मोजता येत नाही; त्याचा दर, झिजेची भरपाई आणि चार्जर कधी चालू-बंद करायचा याचा अधिकार, ही तीन कलमं करारात वेगळी लिहावी लागतील. तिकडे घाटमाथ्यावर दुसरी तयारी सुरू आहे. ऑगस्ट 2023 मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी दोन उदंचन प्रकल्पांचा सामंजस्य करार केला. भिवपुरीला 1000 मेगावॉट आणि शिरवत्याला 1800.